पुलकेशीच्या लेकीचं ऐकलंत का?

अहो वहिनी, ऐकलंत का पुलकेशीच्या लेकीचं? असं काय बघता, पुलकेशी हो, बदामीचा. चालुक्यांच्यातला दुसरा. ज्यानं हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवलं, खाली म्हणून येऊ दिलं नाही, तो. तर त्याच्या लेकीचं प्रकरण बाहेर आलंय. आता तेराशे वर्षांनी आलं, पण आलंच की नाही? झाकून झाकून किती दिवस झाकणार…

मला लायब्ररीतल्या मास्तरांनी सांगितलं. ते बोलताना सारखा चष्मा पुसतात, त्यामुळे निम्मं कळतं निम्मं नाही, पण हे मात्र मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पुण्याला भांडारकरमध्ये श्रीनंद बापटांनी एक ताम्रपट वाचला, २०२३ साली जाहीर केलं. ताम्रपट पुलकेशीच्या पणतवाचा, विजयादित्याचा. साल ७१७. आत सगळं नेहमीचंच, अमक्या ब्राह्मणाला तमकं गाव दिलं. पण वशिला कोणाचा? तर महेंद्रवर्मा म्हणून कोणी, त्याचा. हा महेंद्रवर्मा कोणाचा? शीलाभट्टारिकेचा. आणि शीला कोणाची? खुद्द पुलकेशीची! गंगांच्या घरात दिलेली, दडिग नावाच्या राजपुत्राला. संस्कृतात जिचे श्लोक आहेत ती शीलाभट्टारिका ती हीच, असं बापटांचं म्हणणं.

म्हणजे बघा, मुलानं कोणासाठी तरी शब्द टाकला, कागद झाला, म्हणून आईचं माहेर कळलं. नाहीतर एवढी मोठी कवयित्री, पण कोणाची कोण, पत्ता नव्हता.

आणि तुम्ही तिला ओळखता हो. बाबूजींनी म्हटलेलं ते चंद्रम्याचं गाणं नाही का, तुमचे हे मोटार धुताना गुणगुणतात ते… त्याचं मूळ हिच्याकडे. हिच्या श्लोकात एक बाई बोलते. नवरा तोच, रात्र तशीच, कशाला काही कमी नाही. पण मन मात्र लग्नाआधी चोरून भेटायचे त्या रेवेच्या काठाकडे ओढ घेतंय. झालं, एवढंच. आता रेवा म्हणजे कोण? नर्मदा! बापानं जिथं हर्षाचं सैन्य थोपवलं, त्याच नदीचा काठ लेकीच्या कवितेत. मी मास्तरांना हळूच विचारलं, बापाला माहीत होतं का हो? मास्तर म्हणाले, "बाई, कविता आहे ती, जबानी नव्हे." म्हटलं बरं. पण नदी तीच आहे ना, एवढं तरी खरं?

पुढचं तर आणखी ऐका. पुलकेशीचा मुलगा चंद्रादित्य, त्याची बायको विजयभट्टारिका. तिचे ताम्रपट तिकडे सिंधुदुर्गात सापडलेत, नेरूरला आणि कोचऱ्याला. काही विद्वान म्हणतात, संस्कृतातली विज्जिका ती हीच. विज्जिका म्हणजे जिनं दंडी कवीला सुनावलं! त्यानं सरस्वतीला पांढरीशुभ्र म्हटलं, तर ही म्हणते, बिचाऱ्यानं मला पाहिलंच नव्हतं. म्हणजे मी सावळी आणि सरस्वती ती मीच. काय ठसका बाई! दोन्ही खरं धरलं तर एक नणंद आणि एक भावजय, एका घरात दोघी कवयित्री. नणंद माहेरपणाला आली की दोघी माडीवर बसून काय बोलत असतील… मला तर झोप नाही आली त्या रात्री.

आणि गंमत म्हणजे शीलेचा तोच श्लोक बंगालचे चैतन्य महाप्रभू जगन्नाथाच्या रथापुढे नाचताना म्हणायचे. चारचौघांना कळेना, हा काय प्रकार. मग रूप गोस्वामींनी राधाकृष्णाचा तसाच श्लोक रचला, तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला. देवाच्या नावावर चढवलं की सगळं सोवळं. बाईनं नवऱ्याबद्दल म्हटलं तर ओवळं.

तर काय सांगत होते… हां, ते गाणं. ते लिहिलं शांताबाईंनी. शेळके म्हणजे आपले मंचरचेच की, लहानपण सगळं इकडेच, खेड-मंचरकडे. शांताबाईंना संस्कृत असं तोंडपाठ, मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, जपानी हायकूसुद्धा आणले, 'पाण्यावरच्या पाकळ्या' नाव पुस्तकाचं. तर शीलेचा श्लोक घेतला आणि काय केलं माहितीये? बोलणारी बाई होती तिचा पुरुष केला! रेवेकाठची ओढ काढली, आणि सगळं तसंच असून आता तसं वाटत नाही, हे एका पुरुषाच्या तोंडी घातलं. मग म्हणायला बाबूजी. तेराशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या मनातलं, मंचरच्या बाईनं लिहिलेलं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पुरुषाचं दुःख. कोणी विचारलंय का शांताबाईंना, गाण्यातली ती कामिनी कोण म्हणून? छे! पण बाईच्या तोंडी लिहिलं असतं ना, तर पहिला प्रश्न हाच. कोण तो?

त्यात शांताबाईंचं लग्न नाही झालेलं. मग तर लोकांना दोन्हीकडून बोलायला मोकळं. प्रेमाचं लिहिलं की कोणासाठी, आणि नाही लिहिलं तर हिला काय कळणार. सेन्सॉर बोर्डावर होत्या तेव्हा गाणी लिहायच्या ती 'डॉ. वसंत अवसरे' या नावानं. पुरुषाचं नाव, वर डॉक्टरसुद्धा! आता मंचरला खेटून आपलं अवसरी आहे, बुद्रुक आहे, खुर्द आहे. अवसरे तिथूनच आलं असेल असं माझं आपलं मत. मला कोणी सांगितलेलं नाही हं, मास्तरांनीही नाही. पण शेजार सुटतो का कोणाला?

बरं, आता खरं सांगायचं ते सांगते. जरा जवळ या, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत.

समोरच्या सरांची सून. हो तीच, घोडेगावची. कोजागिरीला तुम्ही नव्हतात, भावाकडे गेला होतात ना. मंडळाच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे दूध, भेळ, भेंड्या. भेंड्या संपल्या आणि कोणीतरी म्हणालं, सूनबाई कविता करतात म्हणे, होऊन जाऊ द्या. ती आधी नाही-नाही म्हणाली, मग मोबाइल काढला आणि वाचली. वहिनी, काय सांगू! अशी स्वच्छ प्रेमाची कविता. घोड नदीचा काठ, संध्याकाळची शेवटची एस्टी चुकलेली, भिजलेली ओढणी… पुढचं मी नाही सांगत.

गच्ची अशी चिडीचूप. दुधावर साय धरली तरी कोणी पेला तोंडाला लावेना. सरांच्या मॅडम चंद्राकडे बघत बसल्या, जसा काही तो आज पहिल्यांदाच उगवलाय. आणि मग कोपऱ्यातल्या त्या काकूंनी, त्यांना राहवतंय थोडंच, अगदी गोड आवाजात विचारलं, "पण काय गं, आपल्या नारायणगावातून तर मीना वाहते. तुझ्या कवितेत घोड कशी आली?"

बाई गं! मला घाम फुटला थंडीत. सगळ्यांच्या मनात तेच आलेलं. घोड म्हणजे माहेर. माहेर म्हणजे लग्नाआधी. लग्नाआधी म्हणजे… आणि नवरा बिचारा चाकणला नाइट शिफ्टला!

तर मुलगी हसली. म्हणाली, "काकू, हे दोन वर्षं घोडेगावला कॉलेजला होते ना."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकेकीला कळत गेलं तसा एकेकीचा हात तोंडावर. आणि मॅडम! वहिनी, तो चेहरा बघायला तुम्ही हव्या होतात. गेली चार वर्षं या बाई गावभर सांगतायत, स्थळ मी शोधलं, मध्यस्थ माझा, कांदेपोहे मी चाखले तेव्हाच ओळखलं मुलगी गुणाची आहे. आणि पोहे पुढे ठेवणारी आणि पोहे खाणारा, दोघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखे मान खाली घालून बसलेले! त्या मध्यस्थालाही यांनीच फितवलेलं असणार, मी सांगते. शीलेचं तरी काय वेगळं हो, नवरा तोच आणि नदी मात्र आधीची. फक्त हिच्या सासूला ते गच्चीवर सगळ्यांदेखत कळलं.

आणि तो पठ्ठ्या काय करतो? कोणीतरी व्हिडिओ पाठवला, तर सकाळी शिफ्टवरून आल्या आल्या स्टेटसला टाकला. खाली नुसतं बदाम.

मास्तर मला म्हणाले, लोक एवढे चपापतात कशाला, मराठीतली पहिली कवयित्री महदंबा, तिचे धवळे कशावर आहेत? रुक्मिणीच्या लग्नावर. म्हणजे जिनं स्वतः निरोप धाडून कृष्णाला बोलावून घेतलं आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून गेली, तिच्या लग्नावर! तेराव्या शतकात हे. म्हटलं मास्तर, हे तुम्ही कोजागिरीला सांगायचं होतंत. ते चष्मा पुसायला लागले.

बरं, आपल्याच गावात हे व्हावं! नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात, यात्रेला कोणता फड न्यायचा ते इथे ठरतं. शृंगाराची लावणी आपल्याला काय नवीन आहे का? पण ती लिहिली कोणी, सांगा. होनाजी बाळा, राम जोशी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर… आहे एक तरी बाई? सगळे पुरुष, आणि सगळे बोलतायत बाई होऊन. सख्या या, साजणा जाऊ नका, मी इथे अशी नि मी इथे तशी. कोणी विचारलं का होनाजीला, की बाबा, तुला रात्रभर झोप का नाही, कोण तो? नाही. त्यांना शाहीर म्हटलं, पागोटी बांधली.

आणि ती लावणी अंगावर घेऊन उभी कोण राहिली? आपली विठाबाई. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभी राहिली, मधेच आत जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा येऊन उभी राहिली, असं सांगतात. ऐकलं की अजून पोटात कसंतरी होतं. राष्ट्रपतींचं पदक दोनदा मिळालं, १९५७ला आणि १९९०ला. २००२ला गेली. शब्द दुसऱ्याचे, पण लोकांनी जे काय बोलायचं ते तिलाच बोललं.

म्हणून मला ती रेशमाची लावणी फार आवडते, आशाबाईंनी म्हटलेली, 'मराठा तितुका मेळवावा'मधली. १९६४चा पिक्चर. लिहिली शांताबाईंनी, म्हटली आशाबाईंनी, आणि चाल आनंदघनची. आनंदघन म्हणजे कोण, सांगायला नकोच, लताबाई! म्हणजे लावणी पूर्ण बायकांची, पण पाटीवर एक तरी पुरुषाचं नाव लागतंच. त्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही.

आणि बाईच्या नावाचं म्हणाल, तर आपलं जुन्नर. अहो, हे सगळं सुरू झालं ते आपल्याच उंबऱ्यात. नाणेघाट. ट्रेकला जातात ती पोरं रांजणाशी फोटो काढून परत येतात, शेजारच्या लेण्यात डोकावत नाहीत. आत सातवाहनांची नागनिका राणी बसलीय. बसलीय म्हणजे, पुतळे होते, आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या, वर नावं कोरलेली. तिचं आणि नवऱ्याचं, सातकर्णीचं, नाव एकाच ठिकाणी आहे, आणि पहिलं कोणाचं? तिचं! हे मी आमच्या ह्यांना दोनदा सांगितलं. भिंतीवर लांबच लांब लेख, अश्वमेध केले, राजसूय केला, दक्षिणेत गाई इतक्या हजार, घोडे इतके, हत्ती, कार्षापण नाणी. मी म्हटलं एवढ्या ओळींत कुठे नवऱ्याची आठवण वगैरे… काही नाही. चोख हिशेब. लग्नातल्या आहेराची वही असते ना, अगदी तशी. विधवा बाई, मुलं लहान, राज्य सांभाळायचं. ती कशाला दगडावर मन मोकळं करील?

ते मन मोकळं झालं पुढे, त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या पोथीत. गाथासप्तशती. सातशे गाथा, आपल्या त्या काळच्या बोलीत, महाराष्ट्री प्राकृतात. आणि त्यात बायकांची नावं आहेत बरं का! रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा… आपल्याच भिशीतल्या वाटतात की नाही? कोणत्या गावच्या, कोणाच्या लेकी, काही नाही. नावापुढे नाव नाही. गाथेगाथेवर कोणी टिपून ठेवलं म्हणून एवढं तरी उरलं. मास्तरांनी मला स. आ. जोगळेकरांचं पुस्तक दिलं, १९५६चं, इतकं जाड की मांडीला रग लागते. जर्मनीत वेबरसाहेबानं १८८१मध्ये छापलं म्हणे. मी विचारलं, जर्मनांना काय पडलंय आपल्या पाटलाच्या पोराचं नि नांगरणाऱ्याच्या बायकोचं? पण खरं सांगू, वाचायला बसले आणि गॅसवर भात लागला.

अहो, त्यात सगळं आपलंच आहे! सासू, नणंद, नवरा परगावी गेलेला, पाऊस तोंडावर आलेला, वाटसरू उतरायला आलेला. आणि बोलणं कसं? कोणी आत्याला सांगतेय, कोणी मामीला, कोणी सखीला. राजाबिजा कोणी नाही मधे. बाई बाईला सांगतेय, आडून, हसत, डोळा मिचकावून. पण कोण कोणाला म्हणतेय ते गाथेत लिहिलेलं नसतं. मग टीकाकार बसले ठरवायला. गंगाधरभट्टासारखे मोठमोठे पंडित! ही दूती बोलतेय, ही सासूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलतेय, हिला त्याला नदीवर बोलवायचंय म्हणून ही असं म्हणतेय. म्हणजे कोपऱ्यातल्या काकूंनी जे गच्चीवर केलं तेच यांनी संस्कृतात केलं आणि त्याला टीका म्हणाले. मी केलं की चहाडी.

 

हां, मॅडमचं राहिलं. दोन दिवस दार बंद. तिसऱ्या दिवशी मला भाजीवाल्याकडे गाठलं. मला वाटलं आता सुनेचं गाऱ्हाणं ऐकावं लागणार. तर म्हणतात कशा, "कविता तशी वाईट नव्हती हो. आमच्या सासूबाई जात्यावर म्हणायच्या ते ऐकलं असतंत तर…" आणि गप्प झाल्या. मी कोथिंबीर निवडल्यासारखं करत उभी राहिले, हलले नाही. मग हळूहळू आलं बाहेर. पहाटे दळताना म्हातारी भावाच्या ओव्या म्हणायची, लेकाच्या म्हणायची, पंढरीच्या म्हणायची. सगळं घर जागं झालं की त्याच. पण कोणी उठायच्या आधी, सगळ्यात पहिल्यांदा जात्याला हात घातला की, नवऱ्याच्या. नाव नाही घ्यायची, हौशा म्हणायची. आणि मामंजी आतल्या खोलीत जागे असायचे! रोज! हे सांगताना मॅडमचे कान लाल झाले हो, सासूच्या आठवणीनं.

त्या ओव्या कोणी लिहून घेतल्या असतील का, विचारलं. त्या म्हणाल्या, छे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत इतक्या बायकांच्या आहेत. पण मॅडमच्या सासूबाई आधीच गेलेल्या. आता तो हौशा कोण, हे मात्र कोणाला विचारावं लागलं नाही. मॅडमनी लगेच सांगून टाकलं, "मामंजीच हं!" मी विचारलं तरी होतं का?

आणि हे शेवटचं, मग मी जाते, कुकर लावलाय. मास्तरांनी सूनबाईला एक गोष्ट सांगितली. स्पेनमधल्या कॉर्दोबाची, अकराव्या शतकातली. वल्लादा नाव. खलिफाची मुलगी, लग्न केलं नाही, घरी कवींची बैठक भरवायची. आणि झग्यावर स्वतःच्या ओळी सोन्याच्या जरीनं भरून घ्यायची! एका बाजूला, मी मोठ्या मानाची आहे आणि माझ्या वाटेनं चालते, अशा अर्थाचं; दुसऱ्या बाजूला, प्रियकराला मी माझा गाल देते, असं. घालून गावातून फिरायची. तिचा तो इब्न झैदून, मोठा कवी, त्यानं तिच्याच दासीच्या गाण्याची नको इतकी तारीफ केली म्हणतात. झालं! वल्लादानं त्याच्यावर असं लिहिलं, असं लिहिलं की मास्तर सांगेनात. मी दोनदा विचारलं. चष्मा पुसत बसले.

तर ते ऐकून सूनबाईनं काय करावं? दिराच्या लग्नात घालायच्या ब्लाउजवर आरी वर्क करून घ्यायला गेली स्टँडमागच्या त्या ताईंकडे. म्हणाली, बाहीवर माझ्या कवितेच्या चार ओळी भरून द्या. ताई म्हणाल्या, चालेल की, नवरदेवाचं नाव सांगा. ही म्हणाली, नाव नको, ओळीच. ताईंना काही उमजेना. त्यांच्याकडे 'अमक्याची नवरी' म्हणून भरून द्यायचा साचा तयार असतो ना. नाव नको म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक! मग त्यांनी चष्मा लावला, ओळी बघितल्या, बोटानं अक्षरं मोजली, जोडाक्षरांचे पैसे वेगळे म्हणाल्या, आणि आकडा सांगितला. अहो, तेवढ्यात एक सेमी पैठणी येते! मी होते ना तिथे, माझ्या फॉलपिकोला गेलेले. कोजागिरीला जिचा चेहरा जरा म्हणून पडला नाही ना, ती पोरगी त्या आकड्यावर अशी पडली… दोनच ओळी करा म्हणाली. आता कोणत्या दोन, ते ब्लाउज झाल्यावर बघू. एस्टी चुकल्याची तरी नक्की असणार.